गिरमिट, पहार आणि ‘ड्रिल’ : बॅटरीवर चालणाऱ्या वेधनसाधनांच्या निवडीचा विचार

१. विषयप्रवेश

पश्चिम रेल्वेच्या विरार-डहाणू पट्ट्यातील सफाळे स्थानकाच्या पश्चिमेस एडवण, कोरे, दातिवरे ही किनाऱ्याकडील गावे आहेत, तर पूर्वेस तांदुळवाडीचा डोंगर आहे. एवढ्या थोड्या अंतरात पुळणीची वाळू, भरतीचे पाणी खेळणारी खाजणे, भाताची खाचरे, भाजीपाल्याच्या व फळझाडांच्या वाड्या, डोंगरउतारावरील मुरूम आणि त्याखालचा काळा कातळ असे जमिनीचे नाना प्रकार एकापाठोपाठ एक येतात. या परिसरात भोक पाडण्याचे प्रसंगही तितकेच नाना प्रकारचे असतात. वाडीच्या कुंपणासाठी खांब रोवावयाचे असतात, रोपासाठी जमीन उकरावयाची असते, होडीच्या फळीत खिळ्यासाठी भोक घ्यावयाचे असते, घराच्या भिंतीत खुंटी बसवावयाची असते. हत्यारांच्या दुकानात मात्र या सर्व कामांसाठी अलीकडे एकच शब्द पुरेसा समजला जातो. तो शब्द म्हणजे ‘ड्रिल’.

शब्द एक झाला म्हणून कामे एक होत नाहीत. फळीत भोक पाडणारे यंत्र कुंपणाच्या खड्ड्यासाठी वापरले तर पुष्कळदा यंत्र जळते. न जळले तर मनगट मुरगळते. भिंतीसाठी बनविलेले यंत्र लाकडावर लावले तर लाकूड फाटते. असे अनुभव आले, की दोष सामान्यतः यंत्रावर ठेवला जातो. वस्तुतः पुष्कळ वेळा दोष निवडीचा असतो, आणि निवडीतील दोषाचे मूळ भेद दाखविणारे शब्द मागे पडल्यात असते. बॅटरीवर चालणारे वेधनसाधन निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू होय. ते सांगताना मराठीतील जुनी अवजारनामे उपयोगी पडतात काय, हे तपासणे हा दुसरा.

२. भोकाची नावे आणि अवजारांची नावे

मराठीत पोकळीवाचक शब्दांची वाण नाही. भोक, वेज, छिद्र, रंध्र, बीळ, नेढे, खळगा, खड्डा, आळे, भगदाड, खिंडार हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत. सुईला नेढे असते, भगदाड नसते. झाडाला आळे करतात, वेज करीत नाहीत. भोक बहुधा आरपार किंवा खोलीच्या मानाने अरुंद असते. खड्डा वरून उघडा, रुंद आणि तळ असलेला असतो. हा भेद केवळ कोशातला नाही. पुढे दिसून येईल, की यंत्राच्या निवडीत तो पैशांचा आणि झाडाच्या आयुष्याचाही भेद ठरतो.

‘वेज’ हा शब्द संस्कृत ‘व्यध्’ धातूच्या परिवारातील आहे. ‘वेध’ आणि ‘विंधणे’ हे त्याचेच सोबती. शासकीय मराठीत खोल नळीविहिरीस ‘विंधन विहीर’ म्हणतात. लोक तिला ‘बोअर’ म्हणतात. दोन्ही शब्द आपापल्या ठिकाणी टिकून आहेत. पारिभाषिक शब्द लोकांच्या तोंडी बसला नाही म्हणजे तो निरर्थक असतो, असे त्यावरून म्हणता येत नाही. तसेच लोकांच्या तोंडचा शब्द परका म्हणून त्याज्य ठरतो, असेही नाही.

अवजारांच्या नावांकडे वळता तीन शब्द प्रामुख्याने समोर येतात : पहार, सामता आणि गिरमिट. पहार घाव घालते. सामता दोरीच्या किंवा धनुकलीच्या ओढीने पुढे-मागे फिरतो आणि खरवडतो. गिरमिट एकाच दिशेने फिरते. त्याच्या टोकाचा मळसूत्री भाग स्वतःला आत ओढून घेतो आणि वरील पीळदार खाच भुगा बाहेर आणते. म्हणजे घाव, खरवड आणि पीळ या तीन भिन्न क्रियांना मराठी कारागिराने तीन भिन्न नावे दिली होती.

यांपैकी ‘गिरमिट’ हा शब्द मूळचा इंग्रजी ‘गिम्लेट’ आहे. ‘म्ल’ या जोडाक्षरातील वर्णांची अदलाबदल आणि ‘ल’चा ‘र’ अशा दोन पायऱ्यांनी तो बनलेला दिसतो. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’पासून आलेला, करारावर परदेशी नेलेल्या मजुरांच्या इतिहासातील ‘गिरमिट’ हा शब्द निराळा. दोन परक्या शब्दांचे देशी उच्चारात योगायोगाने एकरूप झाले, इतकेच. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की गिरमिट हा परका शब्द असूनही त्याने भेद पुसला नाही. सामत्याहून वेगळ्या क्रियेचे अवजार आले, त्याच्याबरोबर त्याचे नाव आले, आणि भाषेत एका भेदाची भर पडली. ‘ड्रिल’ या शब्दाविषयीचा आक्षेप तो परका असल्याचा नव्हे. तीन क्रियांवर तो एकच पांघरूण घालतो, हा आहे.

इंग्रजीत मोठ्या गिरमिटास ‘ऑगर’ म्हणतात. त्याचे प्राचीन इंग्रजी रूप ‘नफोगार’ असे होते. त्यातील ‘नफु’ म्हणजे चाकाचा मध्यभाग आणि ‘गार’ म्हणजे भाला. संस्कृत ‘नाभि’ आणि हा ‘नफु’ एकाच कुळातले शब्द होत. पुढे ‘अ नॉगर’ या उच्चारातील ‘न’ मागच्या शब्दाला जोडला गेला आणि ‘ॲन ऑगर’ असे नवे रूप रूढ झाले. ‘ॲप्रन’ या शब्दाच्या आरंभीचा ‘न’ही असाच गळालेला आहे. गाडीच्या चाकाचा तुंबा कोरणारे अवजार ते ऑगर, असा मूळ अर्थ होता. म्हणजे या नावातच रुंदी, खोली आणि माध्यम या तिन्ही गोष्टी सामावल्या होत्या. कोणत्याही वेधनसाधनाची निवड याच तीन प्रश्नांपासून सुरू होते.

३. चौथा प्रश्न : भुगा कोठे जातो?

रुंदी किती, खोली किती आणि माध्यम कोणते, या तीन प्रश्नांना चौथा एक प्रश्न जोडला पाहिजे. निघालेला भुगा, माती वा चुरा कोठे जातो? अवजार कितीही तीक्ष्ण असले तरी चुरा वर आला नाही तर तो पात्याभोवती दाटतो, घर्षण वाढते आणि अवजार अडकते. पिळाची खरी किंमत कापण्यापेक्षा वाहून नेण्यात अधिक आहे.

याचे बोलके उदाहरण चंद्रावरचे आहे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने चांद्रभूमीत उष्णतामापनासाठी भोके पाडण्याचा यत्न केला. सुमारे तीन मीटर खोली अपेक्षित होती. निम्म्याच्या आसपास जाऊन काम थांबले. एकमेकांस जोडावयाच्या नळ्यांच्या सांध्यांवर पिळाच्या खाचा पुरेशा सलग नव्हत्या, त्यामुळे चुरा वर येण्याऐवजी तेथे दाटून राहिला. पुढील वर्षीच्या अपोलो १६ मोहिमेसाठी सांध्यांची रचना बदलण्यात आली. यंत्र नामांकित होते, ते चालविणारा शिकविलेला होता. अडले ते खाचेच्या सलगपणात. सफाळ्याच्या वाडीत विस्तारदांडी जोडून खोल भोक घेणाऱ्यास हा धडा तंतोतंत लागू पडतो. सांध्याशी पीळ तुटत असेल, तर दर वीतभर खोलीला पाते वर काढून माती झटकावी.

४. बर्फावरील गिरमिट

बॅटरीवरील मोठ्या गिरमिटाचा बारकाईने विचार झालेले एक क्षेत्र म्हणजे गोठलेल्या तळ्यावरील मासेमारी. सफाळ्याच्या किनाऱ्यावरील कोळ्याला बर्फ परिचित आहे तो होडीत भरून नेण्याचा, मासळी टिकविण्याचा. अमेरिकेतील मिनेसोटा, कॅनडातील ऑंटारियो, युरोपातील फिनलंड या प्रदेशांत हिवाळ्यात तळ्याचा पृष्ठभाग गोठतो, आणि त्यावर उभे राहून, भोक पाडून, खाली गळ सोडला जातो. या मासेमारीतील साधनांचा क्रम मराठी वाचकास ओळखीचा वाटेल. जुने साधन म्हणजे लांब दांड्याची लोखंडी पटाशी, म्हणजे जवळजवळ आपली पहारच. पुढे हाताने फिरवावयाचे गिरमिट आले, नंतर पेट्रोलचे आणि त्यानंतर बॅटरीचे. पहार मात्र गेली नाही. पुढे पाऊल टाकण्यापूर्वी बर्फ ठोकून पाहण्यासाठी जाणकार मच्छीमार ती आजही हाती ठेवतात.

येथेही शब्दाच्या अपुरेपणाचा धोका दिसतो. मराठी ‘बर्फ’ हा शब्द पाणी गोठून झालेल्या पारदर्शक थराला, तसाच हिम दबून झालेल्या पांढुरक्या थरालाही लागतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या मार्गदर्शनाप्रमाणे माणसाने पायी चालण्यास नव्या, पारदर्शक बर्फाची किमान जाडी ४ इंच असावी. पांढऱ्या बर्फाच्या बाबतीत ती दुप्पट धरावी. आणि कोणताही बर्फ पूर्णपणे निर्धोक मानू नये. त्या प्रदेशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलास ‘बर्फ चार इंच हवा’ एवढेच सांगणे म्हणून पुरेसे नाही. कोणता बर्फ, हे सांगितलेच पाहिजे.

बर्फावरील गिरमिटाची रुंदी माशावरून ठरते. लहान माशांसाठी ६ इंच, सर्वसाधारण कामासाठी ८ इंच, मोठ्या माशांसाठी १० इंच अशी वाटणी रूढ आहे. ६ वरून ८ वर जाणे हे ‘दोन इंच अधिक’ एवढेच दिसते. परंतु काढावयाचा बर्फ क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो. ६ चा वर्ग ३६, ८ चा ६४ आणि १० चा १०० होतो. म्हणजे ८ इंचास पावणेदोन पटींहून किंचित अधिक, आणि १० इंचास पावणेतीन पटींहून अधिक काम पडते. बॅटरी त्याच प्रमाणात लवकर संपते. म्हणून गरजेपुरती रुंदी हा निवडीचा पहिला नियम होय.

पात्यांचेही दोन प्रकार आहेत. एक तासणारे, दुसरे फोडणारे. तासणारे पाते स्वच्छ बर्फात जलद चालते, पण वाळूचा कण लागला तरी बोथट होते. फोडणारे पाते सावकाश चालते, पण मळकट बर्फात आणि जुने, पुन्हा गोठलेले भोक उघडण्यात टिकते. सुताराच्या रंध्याची धार आणि पहारीचे टोक यांतील जो भेद, तोच येथे आहे.

साध्या बॅटरी-ड्रिलला बर्फाचे गिरमिट जोडावयाचे असेल तर तीन खबरदाऱ्या सांगितल्या जातात. पहिली, बाजूची मूठ असल्याशिवाय यंत्र चालवू नये. दुसरी, गिरमिटाच्या वरच्या टोकाशी भोकापेक्षा रुंद चकती असावी. चक सैल होऊन दांडा सुटला तर तो तळ्याच्या तळाशी जाऊ नये. तिसरी, थंडीत बॅटरीची शक्ती घटते, म्हणून ती वापरापर्यंत कोटाच्या आत ठेवावी, आणि शून्य अंशाखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करू नये.

मराठी मुलखाच्या जवळचे बर्फवेधनाचे उदाहरण गोव्यातील आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकातील मैत्री व भारती या भारतीय स्थानकांचे काम पाहते. हिमालयात स्पितीमध्ये २०१६ साली सुरू झालेले ‘हिमांश’ हे स्थानकही याच केंद्राचे. हिमनदीचा इतिहास वाचण्यासाठी बर्फाचा जो दंड काढतात, त्यासाठी पोकळ वेधनयंत्र लागते. तेथे भोक हा उद्देशच नसतो. आतला गाभा अखंड वर आणणे हा उद्देश असतो. वरकरणी एकच क्रिया, पण हेतू उलटा. आणि हेतू बदलताच यंत्रही बदलते.

५. पेटीवरील अंकांचे वाचन

दुकानातील पेटीवर अनेक अंक छापलेले असतात. त्यांपैकी तीन समजले तर निवड सोपी होते.

पहिला अंक व्होल्टचा. एका पेटीवर १८ व्होल्ट आणि दुसरीवर २० व्होल्ट असते, तेव्हा दुसरी अधिक बलवान वाटते. पुष्कळदा दोहोंत पाचच घट असतात. प्रत्येक घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ येते. पूर्ण भरलेल्या स्थितीतील सुमारे ४ व्होल्ट धरला तर २० येते. वस्तू तीच, मोजणीचा क्षण वेगळा. नामकरणाने निर्माण झालेल्या भासाचे याहून स्वच्छ उदाहरण विरळा.

दुसरा अंक अँपिअर-तासांचा. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे साठविलेली ऊर्जा. १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तास यांचा गुणाकार ९० वॉट-तास होतो. यंत्र मिनिटाला ४०० फेरे घेत १५ न्यूटन-मीटर इतका पीळ देत असेल तर ते सुमारे ६३० वॉट शक्ती वापरते. या हिशेबाने, उष्णतेतील नाश न धरताही, बॅटरी साडेआठ मिनिटांच्या आसपास चालेल. ‘दिवसभर चालते’ या विक्रेत्याच्या वाक्याचा अर्थ ‘मधूनमधून वापरल्यास’ असा घ्यावयाचा.

तिसरा अंक पिळाच्या बळाचा, ज्याला कारागीर सरसकट ‘टॉर्क’ म्हणतात. पेटीवरील कमाल टॉर्क आणि कमाल वेग एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल टॉर्क यंत्र थांबण्याच्या बेतात असताना मिळतो, कमाल वेग रिकामे फिरताना. ८० न्यूटन-मीटर आणि मिनिटाला ४०० फेरे ही जोडी खरी मानली तर शक्ती ३,३०० वॉटांच्या वर जाते. हातातील बॅटरीकडून तिची अपेक्षा करता येत नाही. गिरमिटाच्या कामासाठी दोन गती असलेल्या यंत्राची संथ गती वापरावी, आणि ब्रश नसलेली मोटर घ्यावी. तिच्यात घर्षण व उष्णता कमी.

या टॉर्कची एक बाजू पेटीवर छापलेली नसते. पाते एकाएकी अडकले तर तेवढाच पीळ उलट दिशेने माणसाच्या हातात येतो. ६० न्यूटन-मीटरचा झटका मुख्य मुठीवर, १२ सेंटिमीटर अंतरावर पेलावयाचा तर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतके बळ लागते. ३० सेंटिमीटर लांबीची बाजूची मूठ असेल तर तेच बळ २०० न्यूटनांवर, म्हणजे सुमारे २० किलोंवर येते. मनगट वाचते ते या मुठीमुळे. ती पेटीतून काढून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे.

६. सफाळ्याची जमीन

आता मूळ परिसराकडे वळू. बॅटरीवरील गिरमिटांची प्रात्यक्षिके पुष्कळदा बर्फावर किंवा भुसभुशीत मातीत घेतलेली असतात. बर्फ एकजिनसी असतो. त्यात दगड नाही, मूळ नाही. सफाळ्याच्या मुरमाड उतारावर दोन्ही आहेत. बर्फात ८ इंचांचे भोक सहज पाडणारे ड्रिल मुरमात ४ इंचांनाही अडते, यात नवल नाही. म्हणून बर्फावरील आकडे जमिनीस जसेच्या तसे लावणे ही निवडीतील मोठी चूक होय.

कुंपणाचे उदाहरण घेऊ. चौकोनी सिमेंटच्या खांबाची बाजू १० सेंटिमीटर असेल तर त्याचा कर्ण १४ सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरतो, म्हणून भोक किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे ६ इंच हवे. ६० सेंटिमीटर खोलीच्या अशा एका भोकातून साडेदहा लिटरांहून थोडी अधिक माती निघते. तिचे वजन सतरा किलोंच्या आसपास भरते. शंभर खांबांसाठी सुमारे सतराशे किलो माती वर आणावी लागेल. हे काम हातातील ड्रिलचे नव्हे. त्यासाठी जमिनीकरिताच बनविलेले, दोन्ही हातांनी धरावयाचे, मोठ्या गिअरचे यंत्र हवे. आणि कामाचा आवाका शंभराचा असेल तर पेट्रोलचे यंत्र भाड्याने घेणे अधिक सोयीचे. एक लिटर पेट्रोलमधील सुमारे ९,००० वॉट-तास ऊर्जेपैकी एक-षष्ठांशच पात्यापर्यंत पोचली, असे धरले तरी ती ९० वॉट-तासांच्या सोळा-सतरा बॅटऱ्यांइतकी होते. उलट दहा-बारा खांब बदलावयाचे असतील, घराशेजारी काम असेल, धूर आणि आवाज नको असेल, तर बॅटरीचे यंत्र श्रेयस्कर.

जमिनीप्रमाणे पात्याची निवडही बदलते. पुळणीच्या वाळूत पाते सहज उतरते, पण भोकाच्या कडा ढासळतात. तेथे भोक पाडताच खांब उभा करावा लागतो. खाजणाच्या चिकट मातीत पीळ मातीने भरून राहतो. तेथे थोडे थोडे खोल जाऊन पाते वारंवार साफ करावे. मुरमात बदलता येणारे कठीण दात असलेले पाते घ्यावे, आणि जवळ पहार ठेवावी. दगड लागल्याचे जाणवताच खटका सोडून, पाते बाहेर काढून, पहारीने तो फोडावा वा उचकटावा. खाली सलग कातळ लागला तर गिरमिटाचे काम तेथे संपले. गिरमिट पहारीची जागा घेत नाही, तिचे काम हलके करते. बर्फावरील मच्छीमाराच्या हाती पहार राहिली, तिचे कारणही हेच.

‘भोक’ आणि ‘खड्डा’ यांतील भेद वाडीत विशेष महत्त्वाचा ठरतो. कोकणात आंब्याच्या कलमासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा घेण्याची शिफारस रूढ आहे. १२ इंचांच्या गिरमिटाने ६० सेंटिमीटर खोल पाडलेल्या भोकाचा आकार अशा खड्ड्याच्या चोविसाव्या हिश्श्याच्या जवळपास भरतो. शिवाय ओल्या चिकट मातीत फिरणारे पाते भोकाच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत करते, आणि कोवळ्या मुळांना त्या भेदणे कठीण जाते. यंत्राने वेळ वाचला, पण झाडाला घर मिळाले नाही, अशी ही अवस्था. मीटरभर खड्ड्याच्या हद्दीत चार-पाच भोके पाडून माती सैल करावी आणि मग कुदळ-फावड्याने खड्डा पुरा करावा, ही मधली वाट व्यवहार्य आहे. मिरची-वांग्याची लहान रोपे वा कंद लावण्यासाठी मात्र २ ते ३ इंचांचे पाते आणि साधे बॅटरी-ड्रिल पुरते. तेथे भोकच हवे असते.

लाकूडकामाची मागणी याहून निराळी. होडीच्या फळीत खिळा ठोकण्यापूर्वी भोक घेतले नाही तर फळी फाटते. ते भोक अरुंद, सरळ आणि साफ हवे. तेथे ३० ते ५० न्यूटन-मीटरचे हलके यंत्र पुरेसे असते आणि क्लच असणे अगत्याचे. विटांच्या भिंतीसाठी ठोकेही देणारे हॅमर-ड्रिल चालते, पण काँक्रीटसाठी दट्ट्याने घाव घालणारे रोटरी हॅमरच हवे. हॅमरची कळ लाकडात, मातीत वा बर्फात बंद असली पाहिजे. जुन्या शब्दांत सांगावयाचे तर काँक्रीटचे यंत्र पहारीच्या वंशातले, फळीचे व मातीचे गिरमिटाच्या वंशातले. एकाच दुकानात, एकाच रंगाच्या पेट्यांत ही दोन कुळे शेजारी बसतात आणि दोघांनाही ‘ड्रिल’ म्हणतात.

बॅटरीची निगा येथे बर्फाळ प्रदेशाच्या उलट आहे. तेथे थंडीचे भय, येथे उन्हाचे. वैशाखात बांधावर उघडी ठेवलेली किंवा कामावरून नुकतीच काढलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. सावलीत निवू द्यावी. चार्जिंगसाठी ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची वरची मर्यादा सामान्यतः सांगितली जाते. समुद्राच्या खाऱ्या हवेने धातूची टोके गंजतात, म्हणून किनाऱ्यावरील गावांत ती कोरड्या फडक्याने पुसून यंत्र बंद पेटीत ठेवावे. आणि नवे यंत्र घेताना, घरात आधीच असलेल्या बॅटऱ्यांशी ते जुळते की नाही, हे पाहावे; निरनिराळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या सहसा परस्परांत बसत नाहीत.

७. उपसंहार

वरील विवेचनातून निवडीचा क्रम असा निष्पन्न होतो. प्रथम हवे आहे ते भोक की खड्डा, हे ठरवावे. नंतर माध्यम पाहावे : ते एकजिनसी आहे, की त्यात दगड व मुळे आहेत. मग गरजेपुरती रुंदी घ्यावी. रुंदी वाढली की काम वर्गाने वाढते. त्यानंतर भुगा कसा बाहेर येणार, याचा विचार करावा. एका दिवसात किती भोके पाडावयाची, यावरून बॅटरी की पेट्रोल हे ठरवावे. आणि शेवटी, यंत्र अडकले तर त्याचा झटका कोण पेलणार, हे पाहून बाजूच्या मुठीसह यंत्र घ्यावे. कंपनीचे नाव आणि पेटीचा रंग यांचा विचार या सहा प्रश्नांनंतर.

या सहांपैकी चार प्रश्नांची बीजे मराठी कारागिराच्या शब्दसंग्रहात आधीच होती. भोक आणि खड्डा, पहार आणि गिरमिट, सामता आणि गिरमिट या जोड्या म्हणजे वेधनक्रियेचे एक वर्गीकरणच होय. सामत्याची दोरी आज क्वचितच दिसते, आणि ते अवजार परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु अवजार गेल्यावर त्याच्या नावाने सांभाळलेला भेदही गेला, तर तो भेद पुढील पिढीला पैसे आणि मनगटे खर्चून पुन्हा शिकावा लागतो.

कोशकारांनी आणि परिभाषाकारांनी यातून एक काम उचलण्याजोगे आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून शास्त्रीय परिभाषेचे मोठे कार्य मराठीत झाले. त्याच्या जोडीने कारागिरांच्या चालू शब्दांची नोंद व्हावयास हवी; आणि त्या नोंदीत नुसता ‘भोक पाडण्याचे हत्यार’ असा अर्थ देऊन थांबू नये. ते फिरते कसे, कापते काय, आणि भुगा कोठे टाकते, हेही लिहावे. सफाळ्यासारख्या परिसरात, जेथे होडीचा सुतार, वाडीतील माळी आणि भिंतीत खुंटी बसविणारा गवंडी एकाच दुकानात येतात, तेथे हे काम सुरू करता येईल. विद्यार्थ्याने दुकानाच्या पायरीशी बसून, ‘ड्रिल’ मागणाऱ्या प्रत्येकाने पुढे कोणते दोन शब्द जोडले, एवढे टिपले तरी आरंभास पुरे. त्या दोन शब्दांत माध्यम आणि रुंदी बहुधा सापडेल. आणि ती सापडली, की निवड अर्धी झालेली असते.